दोन सह्यांचे खाते : आपल्या कचऱ्याचा पंचवीस वर्षांचा ताळेबंद

"सोसायटीचे जुने दप्तर तुमच्याकडे आहे, तेव्हा इतिहास तुम्हीच लिहा," असे स्मरणिका समितीने मला सांगितले. जुने दप्तर चाळायला मिळणार म्हटल्यावर निवृत्त बँकवाल्याला आणखी काय हवे? कपाटावरची पेटी खाली काढली, धूळ झटकली आणि 2000 सालापासूनची इतिवृत्ताची पुस्तके वाचायला बसलो. नोंदणीचे सोपस्कार, शेअर सर्टिफिकिटे, बोअरवेलचा खर्च, पहिला गणपती, गेटच्या रंगावरून झालेला वाद, सगळे डोळ्यांपुढून गेले. असा इतिहास लिहायला सोपा आणि वाचायला गोड. पण दुसऱ्याच वर्षाच्या पुस्तकात एका पानावर मी थांबलो.

"सभासदांच्या घरातील कचरा इमारतीच्या मागील कोपऱ्यात एकत्र टाकावा व वॉचमनने तो आठवड्यातून दोन वेळा जाळावा. ठराव सर्वानुमते मंजूर." सूचक म्हणून नाव माझे. अक्षरही माझेच. मी तेव्हा खजिनदार होतो आणि सभेला चिटणीस हजर नव्हते, म्हणून इतिवृत्त मीच लिहिले होते. त्या दिवशी हा ठराव आम्हा सर्वांना फार शहाणपणाचा वाटला होता. खर्च शून्य आणि जागा मोकळी! खजिनदाराला दुसरे काय पाहिजे असते?

म्हणून ठरवले की गणपती आणि गेटचा इतिहास दुसरे कोणी लिहील. आपण त्या मागच्या कोपऱ्याचा लिहू.

उकिरडा होता तेव्हा

नव्या पिढीला वाटते की पूर्वी लोक फार स्वच्छ होते. तसे काही नाही. पूर्वी फेकण्यासारखे घरात फारसे येतच नव्हते, एवढेच. आपल्या गावाच्या नावातच शेण आहे असे मी गमतीने म्हणतो, पण खरोखरच शेण, पालापाचोळा, चुलीतली राख, खरकटे हे सगळे घरामागच्या उकिरड्यात जायचे आणि पावसाआधी शेतात. भाताची रोपे करायची त्या जागी शेण, टहाळ, पाला पसरून राब भाजायचा. शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्याला ओला कचरा हा शब्द कोणी शिकवला नव्हता. त्याच्या लेखी ते खत होते.

सुक्याचेही तसेच. लग्नाकार्यात पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण. तेलाचा रिकामा डबा धान्याला. जुने धोतर आधी पंचा, मग फडके, मग पोतेरे. लुगडी गोधडीत. त्यातूनही काही उरले तर बोहारीण यायची, जुन्या कपड्यांवर भांडे द्यायची, आणि आमची आई तिच्याशी अर्धा तास घासाघीस करायची. रद्दीवाला किलोवर पैसे द्यायचा. सोड्याच्या बाटलीवर डिपॉझिट, मुंबईत आरेच्या दुधाच्या बाटलीवर डिपॉझिट. रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली मिळत नसे. रिसायकलिंग म्हणतात ते हेच. फक्त त्याला नाव नव्हते आणि त्याची सभा होत नव्हती.

मग दुधाची पिशवी आली, शाम्पूची पुडी आली, गुटख्याची आली, चिप्सची आली. पूर्वीची प्रत्येक वस्तू परत घेणारा कोणीतरी होता. या नव्या वस्तूंना परत घेणारा कोणी नव्हता. आणि उकिरड्याला सवय होती सगळे कुजवण्याची. हे काही कुजेना. आपली सोसायटी उभी राहिली ती नेमकी याच काळात. गोठे नाहीत, परसू नाही, शेत नाही, म्हणजे उकिरडाही नाही. वस्तू शहरातल्या आणि व्यवस्था ना गावाची ना शहराची. म्हणून आम्ही काडी लावली.

शहरांना कोर्टाने जागे केले

शहरांचे तरी वेगळे काय होते? मुंबईचे देवनारचे डम्पिंग ग्राउंड 1927 पासूनचे आहे. जवळजवळ शंभर वर्षे एक शहर आपला कचरा एका जागी नेऊन टाकत राहिले. 2016 च्या जानेवारीत त्याला लागलेली आग दिवसेंदिवस धुमसत होती आणि मुंबईवर धुराची चादर पसरली होती, हे आपण टीव्हीवर पाहिले आहे.

शहरांच्या या कारभाराविरुद्ध अलमित्रा पटेल यांनी 1996 साली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. त्यातून 2000 साली देशात घनकचऱ्याचे पहिले नियम आले. त्यात घरातच कचरा वेगळा करा असे लिहिले होते. म्हणजे आपली सोसायटी आणि ते नियम एकाच वर्षाचे! पण ते नियम नगरपालिका आणि महानगरपालिकांसाठी होते. गावांचा त्यात विचार नव्हता. गावात कचरा नसतो, असेच दिल्लीला वाटत असावे.

महाराष्ट्राने मात्र त्याच सुमारास एक चांगली गोष्ट केली. ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटील यांनी 2000-01 मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. पंचायतीने पुढाकार घ्यायचा, लोकांनी श्रमदान करायचे आणि सरकारने बक्षीस द्यायचे. हातात खराटा घेऊन आधी गाव झाडणाऱ्या आणि मग कीर्तन करणाऱ्या गाडगेबाबांचे नाव त्याला शोभले. गावेच्या गावे झाडून निघाली. पण झाडलेला कचरा पुढे कुठे न्यायचा हा प्रश्न तेव्हा कोणाला फारसा पडला नव्हता. आम्हीही सोसायटीत गांधी जयंतीला झाडलोट केली आणि संध्याकाळी तो ढीग त्याच कोपऱ्यात पेटवला. इतिवृत्तात त्याची नोंद आहे: "कार्यक्रम उत्साहात पार पडला."

पुण्याच्या बायकांची सहकारी संस्था

आपण सहकारी सोसायटीचे सभासद, म्हणून पुण्याची हकिगत मुद्दाम सांगतो. तिथल्या रस्त्यांवर कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायकांची 1993 मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना झाली. या बायका उकिरडे उपसून शहराचा माल पुन्हा कारखान्यांकडे पोचवत होत्या. कोणी त्यांना चोर समजे, कुत्री अंगावर येत, सुई-काचेने हात कापत. त्यांचे म्हणणे साधे होते. आम्ही काम करतो ते महापालिकेचेच, तेव्हा आमची ओळख मान्य करा. पुणे महापालिकेने नव्वदच्या दशकातच त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली.

पुढची पायरी जास्त महत्त्वाची आहे. या बायकांनी 'स्वच्छ' नावाची सहकारी संस्था काढली आणि 2008 मध्ये महापालिकेशी करार केला. घरोघर जाऊन ओला आणि सुका कचरा वेगवेगळा घ्यायचा. घरवाल्याने दरमहा थोडे शुल्क द्यायचे. सुक्यातले विकण्याजोगे विकून येणारा पैसा त्या बाईचा. ओला आणि बाकीचा कचरा महापालिकेच्या गाडीत.

आयुष्यभर मी कर्जाचे अर्ज तपासले, म्हणून या करारातला हिशोब मला आवडतो. माल विकून पैसा मिळतो, म्हणून ती बाई सुक्यातला कागद आणि बाटली वाया जाऊ देत नाही. माल कोरडा मिळाला तर भाव चांगला मिळतो, म्हणून ती घरवालीला रोज टोकते, "ताई, यात भाजी टाकू नका." महापालिकेची वाहतूक वाचते. घरवाल्याला दारात सेवा मिळते. या व्यवहारात कोणाला उपकार करायचे नाहीत. म्हणूनच तो टिकला, आणि आज त्यात तीन हजारांहून जास्त सभासद काम करतात. अडचणी त्यांनाही आल्या. कराराचे नूतनीकरण दर वेळी सुखाने झाले असे नाही. पण पाया पक्का होता.

मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकर यांच्या पुढाकाराने 1998 पासून कचरा वेचणाऱ्या बायकांना 'परिसर भगिनी' म्हणून शिकवले. सोसायट्यांमध्ये खत कसे करायचे, सुका कसा वेगळा करायचा, हे त्यांनी बंगलेवाल्यांना शिकवले. काळ कसा फिरतो पाहा.

वेंगुर्ल्याने काय केले

"अहो, पुणे-मुंबईचे सांगू नका, आपण गावातली माणसे," असे कोणी म्हणेल, म्हणून लहान ठिकाणचे उदाहरण देतो. वेंगुर्ले ही सिंधुदुर्गातली छोटी नगरपरिषद. 2015 च्या सुमारास तिथे रामदास कोकरे हे मुख्याधिकारी होते. त्यांनी घराघरातून कचरा वेगळा करूनच घ्यायचा असा नियम केला आणि पाळून दाखवला. वेगळा नसेल तर गाडी उचलणार नाही. सुरुवातीला लोक चिडले, भांडले. मग शिकले. सुक्या कचऱ्याचे पुढे वीसहून जास्त प्रकार वेगळे होऊ लागले. ओल्यापासून बायोगॅस, वाळक्या पानांच्या कांड्या जळणाला, आणि भंगारवालाही घेत नाही अशा प्लॅस्टिकचा चुरा डांबरात मिसळून रस्त्याला. जिथे नाक दाबून जावे लागे ती जागा बाहेरगावचे लोक मुद्दाम पाहायला येऊ लागले.

हेच कोकरे पुढे कल्याण-डोंबिवली महापालिकेत आले आणि 2020 मध्ये तिथे शून्य कचरा मोहीम सुरू झाली. ओला रोज, सुका ठरलेल्या दिवशीच. कल्याणकरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेले आधारवाडीचे डम्पिंग 2021 मध्ये बंद झाले. आसनगाव लोकलने कल्याणला जाणाऱ्या आपल्या कितीतरी सभासदांना हा फरक माहीत आहे.

आणि आपल्याहूनही लहान गाव पाहायचे तर जपानमध्ये कामिकात्सु म्हणून डोंगरातले एक गाव आहे. वस्ती जेमतेम दीड हजार. 2003 मध्ये त्या गावाने शून्य कचऱ्याचा संकल्प जाहीर केला. तिथे कचऱ्याची गाडीच फिरत नाही. लोक स्वतः धुऊन, वाळवून, केंद्रावर आणून चाळीसहून जास्त प्रकारांत टाकतात आणि सुमारे ऐंशी टक्के कचरा पुन्हा वापरात जातो. तिथले लोकही पूर्वी उघड्यावर जाळतच होते बरं का!

पुणे, वेंगुर्ले, कामिकात्सु. तिघांची पद्धत वेगळी, पण एक गोष्ट सारखी आहे. बँकेत जॉइंट खाते असते. त्यात 'दोघांपैकी कोणीही' असे लिहिले असेल तर एका सहीवर पैसे निघतात. 'दोघांनी मिळून' असे असेल तर दोन सह्या लागतात. एकाने कितीही सुवाच्य सही केली तरी चेक परत येतो. कचऱ्याचे खाते हे दोन सह्यांचे आहे. एक सही घराची, दुसरी स्थानिक कारभाराची. घराने वेगळे करून द्यायचे आणि पंचायतीने वा पालिकेने वेगळेच ठेवून योग्य जागी पोचवायचे.

आमचा चेक परत आला तो असा

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेले नाही. 2018 मध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदी आली तेव्हा आपल्या महिला मंडळाने उत्साहाने सुका कचरा वेगळा जमवायला सुरुवात केली होती. आठवते का? मीटरच्या खोलीत गोणी ठेवल्या. पहिले दोन महिने घरोघरच्या वहिनी पिशव्या धुऊन दोरीवर वाळवत होत्या. भंगारवाला आला, त्याने पुठ्ठा, बाटल्या, पत्रा, धुतलेल्या दुधाच्या पिशव्या नेल्या. चिप्सची आणि बिस्किटांची चकचकीत पाकिटे मात्र त्याने ठेवून दिली. त्यांना भाव नाही. ती साठत गेली. पावसाळ्यात गोणी ओल्या झाल्या, उंदीर झाले, वायरमनने तक्रार केली. कमिटीने गोणी हलवायला सांगितले. कमिटीत मी होतो. गोणी गेल्या त्या मागच्या कोपऱ्यात, आणि वॉचमनने नेहमीप्रमाणे काडी लावली.

त्या दिवशी एक वहिनी मला जिन्यात भेटल्या. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "भाऊ, मग आम्ही धुतलं कशाला?" मला उत्तर देता आले नाही.

मंडळाची चूक नव्हती. त्यांची सही झाली होती. दुसरी सही आम्ही मागितलीच नव्हती. त्या काळात एक तरी पत्र सोसायटीने ग्रामपंचायतीला लिहिले का, म्हणून मी आवक-जावक रजिस्टर पाहिले. पाण्याबद्दल पत्रे आहेत, दिव्याबद्दल आहेत, रस्त्याबद्दल तर ढीगभर आहेत. कचऱ्याबद्दल एकही नाही. आपण न सांगितलेल्या गोष्टीबद्दल पंचायतीला दोष कसा देणार?

आणि एक घरची गोष्ट, जी मी आजवर सभेत बोललो नाही. आमच्या सौ.ना गेली काही वर्षे दम्याचा त्रास आहे. डॉक्टरांनी पहिल्याच वेळी विचारले, "घराजवळ काही जाळतात का?" मी गप्प राहिलो. तीच म्हणाली, "जाळतात. रीतसर ठराव आहे यांचा." ती हसत म्हणाली. मला मात्र हसू आले नाही. धुरामुळेच दमा झाला असे डॉक्टर म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही. पण प्लॅस्टिकचा धूर दम्याच्या माणसाला वाईट, हे समजायला डॉक्टर व्हावे लागत नाही. आपल्या सोसायटीत आता लहान नातवंडेही बरीच आहेत. जाळणे हल्ली कमी झाले आहे हे खरे. पण बंद केल्याचा ठराव दप्तरात कुठेही नाही, आणि दिवाळीच्या सफाईनंतर कोपऱ्यात धूर दिसतोच.

आता कायदाही आहे, पैसाही आहे

2001 मध्ये आम्ही पंचायतीकडे गेलो असतो तर कदाचित हात हलवत परत आलो असतो. आज तसे नाही. 2016 च्या प्लॅस्टिक कचरा नियमांनी प्रथमच ग्रामपंचायतीवरही आपल्या हद्दीतला प्लॅस्टिक कचरा वेगळा गोळा करून पुढे पाठवण्याची जबाबदारी टाकली. त्याच नियमांनी आपल्यावर, म्हणजे घरांवर, तो वेगळा करून देण्याची आणि ठरेल ते शुल्क भरण्याची जबाबदारी टाकली. दोन्ही सह्या एकाच कागदावर!

पैशाचे म्हणाल तर स्वच्छ भारत मिशनच्या 2020 पासूनच्या ग्रामीण टप्प्यात घनकचऱ्यासाठी पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला माणशी 60 रुपयांपर्यंत आणि त्याहून मोठ्या गावाला माणशी 45 रुपयांपर्यंत तरतूद केली गेली. म्हणजे दोन हजार वस्तीच्या गावाला 1 लाख 20 हजार. शिवाय तालुक्याला एक प्लॅस्टिक प्रक्रिया केंद्र, त्यासाठी 16 लाखांपर्यंत. भंगारवाल्याने ठेवून दिलेली चकचकीत पाकिटे जाण्याची जागा हीच. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातही 30 टक्के रक्कम स्वच्छतेसाठी बांधून दिलेली होती.

पण बँकवाल्याची एक सूचना. ही मिशनची रक्कम मुख्यतः भांडवली खर्चाची आहे. तिच्यातून शेड बांधता येते, टाकी बांधता येते, गाडी येते. गाडीतले डिझेल आणि गाडीवरच्या माणसाचा पगार दरमहा लागतो. तो चालू खर्च. नवी गाडी आली आणि वर्षभरात शेडमध्ये उभी राहिली असे होते ते याच ठिकाणी. म्हणून घरटी थोडे शुल्क द्यायची तयारी आपण दाखवली पाहिजे. घरपट्टीच्या पावतीवर आरोग्य कराचा रकाना आपण कधी वाचतो का? वाचावा. जिथे पैसे भरतो तिथे विचारण्याचा हक्कही येतो.

आपल्या बाजूला काम फार नाही. घरच्या कचऱ्यातला निम्म्याहून जास्त ओला असतो. तो गेटच्या बाहेर जाण्याचे कारणच नाही. यवतमाळ जिल्ह्यातले शेतकरी नारायण देवताव पांढरीपांडे यांनी शोधलेली नॅडेप पद्धत आहे. विटांची जाळीदार टाकी, त्यात पाला, खरकटे आणि मातीचे थर. साधारण तीन-चार महिन्यांत खत. ती टाकी बांधायला जागा कोणती, हे वेगळे सांगायला नको. मागचा कोपरा.

ठराव

30 सप्टेंबरच्या आत आपली रौप्यमहोत्सवी वार्षिक सभा होईल. त्या सभेपुढे मी खालील ठराव मांडणार आहे.

1. सोसायटीच्या आवारात कचरा जाळण्याचा पूर्वीचा ठराव रद्द करण्यात येत आहे.

2. प्रत्येक सभासदाने ओला व सुका कचरा वेगळा द्यावा. सुका धुऊन, वाळवून. मागील कोपऱ्यात खताची टाकी बांधावी.

3. ठरलेल्या वारी सुका कचरा वेगळा उचलावा, तो तालुक्याच्या प्लॅस्टिक केंद्राशी जोडून द्यावा आणि विकण्याजोगा माल गावातल्या भंगारवाल्याला किंवा बचत गटाला मिळावा, अशी लेखी विनंती ग्रामपंचायतीस करावी. त्यासाठी घरटी मासिक शुल्क देण्यास सोसायटी तयार आहे, असे पत्रात नमूद करावे. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला घरटी निदान एक माणूस हजर राहावे.

यातले तिसरे कलम सगळ्यांत अवघड आहे, हे मी जाणतो. कचरा धुणे सोपे, पण ग्रामसभेला जाऊन बसणे आपल्या फ्लॅटवाल्यांना जिवावर येते. "तिथे आपलं कोण ऐकणार?" असे आपणच ठरवून टाकतो. पंचवीस वर्षे आपण गावात राहतो, गावाचे पाणी पितो, पण ग्रामसभेच्या हजेरीपटावर आपल्या सह्या किती? कचऱ्यासाठी लागणारी दुसरी सही मिळवायची, तर आधी आपली सही तिथे पडली पाहिजे.

पंचवीस वर्षांपूर्वीचा ठराव माझा होता. तो रद्द करण्याचा ठरावही माझ्याच हातून इतिवृत्तात लिहिला जावा अशी इच्छा आहे. अक्षर आता थोडे हलते, पण वाचता येईल.

सूचक मी आहे. अनुमोदक हवा आहे.